चूक कोणाची? जुन्या स्प्लेंडरवर मोटारसायकल शिकण्याच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या शाळेत बदली होऊन पाच महिने झाले. सकाळची एसटी मला शाळा भरण्याच्या पाऊण तास आधी पोहोचवते आणि संध्याकाळची बहुधा मी फाट्यावर येण्याच्या आधीच निघून गेलेली असते. स्वतःचे वाहन घ्यायचे एवढे ठरले आहे. घरच्यांचा कौल स्कूटरला होता. परंतु डांबरी रस्ता सोडून शाळेकडे वळल्यावर शेवटचा दीड किलोमीटर खडी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांचा आहे, आणि तिथे लहान चाकापेक्षा अठरा इंची चाक बरे, हे मी रोज चालत जाताना इतरांची वाहने पाहून ठरवले आहे. शिवाय स्प्लेंडरचा सुटा भाग साताऱ्यात कुठल्याही पेठेत मिळतो आणि तिला हात न लावलेला मिस्त्री सापडणे अवघड आहे.

मी आजवर सायकलीखेरीज काही चालवलेले नाही. दादाला सांगितल्यावर तो म्हणाला, "जुन्या गाडीवर शिकशील तर गाडी बिघडलीय का तुझं चुकतंय, हेच तुला कळणार नाही." त्याने हे मला परावृत्त करण्यासाठी सांगितले असले तरी त्यातूनच या वहीची आखणी सुचली. प्रत्येक अडचणीपुढे दोन रकाने : माझी चूक आणि गाडीचा दोष. कारण पडताळून पाहिल्याशिवाय कोणत्याही रकान्यात खूण करायची नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. ओवाळणीत साडीऐवजी हेल्मेट मिळाले. आयएसआयची खूण पाहून घेतली. हनुवटीचा पट्टा आवळून, खालचा काठ मागून पुढे ढकलल्यावर ते डोक्यावरून निघत नाही, एवढे घट्ट आहे. गाल थोडे दबतात. आतला स्पंज नंतर बसतो म्हणून ते चालेल.

४ नोव्हेंबर, सोमवार

कोरेगाव रस्त्यावरची स्प्लेंडर प्लस पाहिली. २०११ ची आहे, त्यामुळे टाकीवर अजून हिरो होंडाचे नाव आहे. दोन्ही कंपन्या त्याच सुमारास वेगळ्या झाल्या. विकणाऱ्या काकांना आदल्या दिवशी विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नये, कारण तापलेले इंजिन कुठलीही गाडी पटकन सुरू करून दाखवते. सात वाजता पोहोचल्यावर आधी सिलिंडरवर हात ठेवला. गार होता. चोक ओढून तिसऱ्या किकला इंजिन लागले. सुरुवातीला थोडी पांढुरकी वाफ आली, निळा धूर मात्र आला नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे, आणि तसे असते तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो.

मीटर ४३,००० किलोमीटर दाखवतो. दादाने मीटरकडे पाहिलेही नाही. त्याने गिअरच्या पेडलचा रबर दाखवला : पार गुळगुळीत. किकचा रबरही तसाच, आणि ब्रेकच्या पेडलवरची नक्षी पुसलेली. गाडी तेरा वर्षे रोज एमआयडीसीला जात होती असे काकांनीच बोलता बोलता सांगितले होते. मधली काही वर्षे मीटरची केबल तुटलेली असणार, असा आम्ही अर्थ लावला. विचारल्यावर काका नुसते हसले.

टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या टायरवर ३११६ होते, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर आठ वर्षांचा आणि कडेला बारीक चिरा. हा टायर बदलायचा. डबल स्टँडवर लावून मागचे चाक आडवे हलवले, खेळ नव्हता. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ नव्हता. साखळी बंद पेटीत असल्यामुळे पेटीच्या तळाचे रबरी बूच काढून बोटाने हलवून पाहिली. खूप सैल लागली.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कागदपत्रे. या नोंदीवर सर्वांत जास्त वेळ गेला. इंजिन आणि चासीचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अंक अंक वाचून जुळवले. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीवर ५०० रुपयांचे एक ई-चलान थकलेले दिसले, ते काकांनी समोरच भरले. खरी अडचण निराळी निघाली. गाडी कर्जावर घेतलेली होती, कर्ज फिटून दहा वर्षे झाली, परंतु प्रमाणपत्रावरचा बोजा कोणी उतरवलाच नव्हता. वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय ती नोंद निघत नाही, आणि ती निघाल्याशिवाय नावावर गाडी होत नाही. "कर्ज फिटलंय हो मॅडम, काही होत नाही," असे काकांचे म्हणणे होते. ते खोटे बोलत नव्हते. पण कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला आणून देईपर्यंत ३,००० रुपये राखून ठेवायचे ठरले.

किमतीत घासाघीस करण्यासाठी चिरलेल्या टायरपेक्षा नोंदणीची तारीख अधिक उपयोगी पडली. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे ही मार्च २०२६ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागेल, आणि महाराष्ट्रात त्या वेळी दुचाकीला २,००० रुपये पर्यावरण कर पडतो. हा सगळा खर्च माझ्या माथी येणार हे काकांनी मान्य केले आणि २२,००० ची गाडी १८,५०० ला ठरली. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या.

विमा संपलेला होता. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ७१४ रुपये अधिक जीएसटी आहे. गाडी दारात आणण्याआधी तो काढला.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शिकाऊ परवाना आला. मुदत सहा महिने. पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. लाल रंगातले एल अक्षर पुढे-मागे चिकटवले. या परवान्यावर मागे फक्त परवानाधारक शिकवणारा बसू शकतो, त्यामुळे शेजारच्या मुलीला बाजारात न्यायचे वचन पुढे ढकलले.

१० नोव्हेंबर, रविवार

शाळेच्या मैदानावर पहिला दिवस. गाडी दादाने चालवत आणली. इंजिन बंद ठेवून अर्धा तास नुसती ढकलली, वळवली आणि स्टँडवर लावली. गाडीचे वजन सुमारे ११० किलो आहे आणि माझे त्याच्या निम्मे. डबल स्टँडवर लावण्यासाठी मी आधी दोन्ही हातांनी गाडी मागे ओढत होते, आणि ती अर्थातच हलत नव्हती. हातांनी गाडी फक्त सरळ धरायची आणि स्टँडच्या पायपट्टीवर आपले सगळे वजन देऊन उभे राहायचे, हे दादाने दाखवल्यावर दुसऱ्या प्रयत्नात जमले. माझी चूक.

मग इंजिन सुरू करून फक्त क्लच. पहिला गिअर, थ्रॉटल अजिबात न देता क्लच सावकाश सोडायचा, गाडी पुढे सरकू लागली की पुन्हा दाबायचा. हे चाळीस वेळा केले. पैकी सतरा वेळा गाडी बंद पडली.

गिअरचा एक घोळ नोंदवते. दादाची पल्सर आहे. तिचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे दाबून उतरतात. तो सवयीने "आता वर घे" म्हणतो आणि मी विचारात पडते. आजपासून "वर" आणि "खाली" हे शब्द बंद केले, "पंजा" आणि "टाच" असेच बोलायचे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी एकटीने मैदानाला सहा फेऱ्या मारल्या आणि सातव्या फेरीत गाडी आचके देत बंद पडली. पंधरा किका मारल्या. गाडीच्या दोषाच्या रकान्यात "कार्बोरेटर?" असे लिहूनही टाकले, आणि मग पेट्रोलच्या कॉककडे लक्ष गेले : बंद. घरी सांगितल्याप्रमाणे रात्री कॉक बंद केला होता आणि आज उघडलाच नव्हता. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलवर तेवढ्या फेऱ्या झाल्या. खोडून माझ्या रकान्यात घेतले. पडताळल्याशिवाय खूण करायची नाही हा नियम माझाच होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

अजूनही दर दहा वेळांत चार वेळा गाडी बंद पडते, आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. ही गोष्ट माझी की गाडीची, हे ठरवण्याची रीत दादाने सांगितली : तीच गोष्ट जाणत्या माणसाला करायला लावायची. त्याने दहा वेळा गाडी उचलली, एकदाही बंद पडली नाही. मी माझ्या रकान्यात खूण करणार तोच तो म्हणाला, "थांब, पण न्यूट्रल मलाही सापडत नाहीये."

क्लचच्या लिव्हरला सुरुवातीला १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ हवा. इथे जवळजवळ अर्धी लिव्हर मोकळीच येत होती. म्हणजे पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नव्हता, इंजिन चाकाला थोडे ओढतच राहत होते, आणि त्या ताणामुळे न्यूट्रल पडत नव्हता. केबलचा नट फिरवून खेळ कमी केला. इंजिन तापल्यावर त्याचा स्लोही, म्हणजे थ्रॉटल न देता फिरण्याचा वेगही, फार कमी लागला; स्क्रू थोडा आत घेतला. दादासारखा सराईत माणूस अशा वेळी नकळत थोडा थ्रॉटल देतो, म्हणून त्याची गाडी बंद पडत नव्हती. त्यानंतर माझे प्रमाण दहात एकावर आले. तीन हिस्से गाडीचे, एक माझा, अशी विभागणी केली. खेळ पूर्ण काढून टाकणेही वाईट, हे लिहून ठेवते : मग क्लच घसरू लागतो आणि प्लेटा जळतात.

१८ ते २१ नोव्हेंबर

विधानसभा निवडणुकीची ड्युटी. काम बंद.

२४ नोव्हेंबर, रविवार

पडले. वेग चालण्याइतका होता. वळण घेत असताना समोर कुत्रे आले, हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक आवळला आणि गाडी डावीकडे आडवी झाली. लेग गार्डमुळे पाय वाचला. डाव्या तळहाताला खरचटले आणि क्लच लिव्हरचा बोंडाकडचा भाग तुटला.

आसपासच्या चार जणांनी एकमुखाने सांगितले की पुढचा ब्रेक वापरायचाच नसतो. हे मी स्वीकारलेले नाही. ब्रेक मारल्यावर गाडीचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे सरळ रेषेत गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो; मागचे चाक हलके होऊन लगेच घसरते. चूक ब्रेक वापरण्याची नव्हती, हँडल वळलेले असताना तो एकदम आवळण्याची होती. दुपारी खडूने रेघ आखली आणि वीसच्या वेगाने येऊन थांबण्याचा सराव केला : हँडल सरळ, आधी मागचा, लगेच पुढचा, दोन बोटांनी आणि हळूहळू वाढवत. फक्त मागच्या ब्रेकने थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागले. पावलांनीच मोजले असले तरी फरक डोळ्यांना दिसत होता.

नवी लिव्हर ९० रुपये. मिस्त्रींनी बसवताना तिचा पट्टा फार आवळला नाही. "ताई, परत पडला तर मोडणार नाही, नुसती फिरंल," असे ते म्हणाले. परत पडण्याची त्यांना जेवढी खात्री होती तेवढी ती मला नव्हती.

१ डिसेंबर, रविवार

साखळीचा पूर्ण संच बदलला. थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर बसणारा धक्का निम्म्याने कमी झाला. उरलेला निम्मा माझ्या मनगटाचा आहे. नव्या साखळीला सुमारे २५ मिलिमीटर झोल ठेवला आहे. इंजिन ऑइल काळे आणि कमी होते. १०डब्ल्यू३० ची ९०० मिलिलिटरची बाटली घातली. ऑइल तपासताना गाडी डबल स्टँडवर हवी आणि पट्टी आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पाहायची; मी ती फिरवून बसवत होते म्हणून पातळी चुकीची दिसत होती.

पुढचा टायर बदलताना एक मोठी गोष्ट सापडली. हळू चालवताना गाडी सरळ राहत नाही, डाव्या-उजव्या बारीक दुरुस्त्या सारख्या कराव्या लागतात, आणि मी ती माझीच कमजोरी धरून बसले होते. पुढचे चाक अधांतरी असताना मिस्त्रींनी हँडल एका बोटाने सावकाश फिरवले आणि मलाही फिरवायला सांगितले. बरोबर मध्यावर ते किंचित अडकत होते. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते गोळ्यांचे बेअरिंग, गेला होता : वर्षानुवर्षे सरळ चालून गोळ्यांनी मधोमध खळगे पाडले होते, त्यामुळे हँडल मध्यावर अडके आणि तिथून सुटताना झटका देई. कोन सेट बदलल्यावर तीच मैदानातली फेरी मी रेघेवरून मारली. तीन आठवडे मी जिला माझी भीती समजत होते, ती साडेतीनशे रुपयांच्या सुट्या भागाची खोड निघाली.

८ डिसेंबर, रविवार

बोगद्यातून बाहेर पडून परळीपर्यंत, दादा त्याच्या गाडीवर मागे. टायरमध्ये पुढे २५, मागे २८ हवा. दुपट्ट्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारून तो जर्किनच्या आत घेतला. सारी गार्ड आणि बंद साखळीपेटी मागे बसणाऱ्याला वाचवते. चालवणाऱ्याच्या मागे फडफडणाऱ्या कापडाचे काय, याचा विचार कोणी केलेला नाही. चौथ्या गिअरवर पंचेचाळीस. ट्रॅक्टरच्या मागे सात मिनिटे गेले आणि एकदाही ओलांडावेसे वाटले नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार

परवान्याची चाचणी. आठाचा आकडा पाय न टेकवता काढायचा असतो. पहिला गिअर, थ्रॉटल एका जागी, वेग अर्ध्या क्लचने आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबाने सांभाळायचा. आणि नजर चाकापुढच्या जमिनीवर न ठेवता पुढच्या वळणाच्या टोकावर ठेवायची. उत्तीर्ण. काकांनी बोजाचा दाखला याच आठवड्यात आणून दिला. राखून ठेवलेले पैसे त्यांना दिले.

२२ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे शाळेला गाडीने जाते आहे. टाकी काठोकाठ भरून, पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे अंतर मोजले : लिटरला ४४ किलोमीटर. या गाडीने साठच्या आसपास द्यायला हवेत. गाडीच्या रकान्यात "मागचा ब्रेक धरतो?" असे लिहिले, कारण घाटाखाली उतरल्यावर लायनर जळल्याचा वास आला होता. मिस्त्रींनी डबल स्टँडवर मागचे चाक हाताने फिरवले. ते मोकळे फिरले. प्लग काढला, तांबूस तपकिरी, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रणही ठीक.

उलगडा परवा एका दूधवाल्याने केला. फाट्यावर मला गाठून ते म्हणाले, "बाई, तुमचा ब्रेकलाइट बोगद्यापासनं पेटलेलाच हाय." स्विच बिघडला असेल म्हणून मी गॅरेजला गेले, तर स्विचही ठीक. मग मिस्त्रींनी मला सीटवर बसवून नुसते पायाकडे पाहिले. माझा उजवा पंजा ब्रेकच्या पेडलवर टेकलेला असतो. अख्खा रस्ता मी ब्रेक दाबून चालवत होते. वास, कमी मायलेज आणि पेटता दिवा, तिन्ही तक्रारींची खूण माझ्या रकान्यात. तरीही मिस्त्रींनी पेडल अर्धा इंच खाली घेतले. ते कोणा उंच माणसाच्या बुटासाठी उचललेले होते. म्हणून थोडी खूण गाडीकडेही.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवे मायलेज ५७.

सज्जनगडाचा रस्ता वर चढून खाली आले. चढताना इंजिन रडायच्या आत टाच दाबायची, एवढेच लक्षात ठेवायचे आहे. उतरणे अवघड आहे. पुढे चाललेले दोघे पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरत होते. ही रीत इकडे सर्रास आहे. तसे केल्यावर सगळा वेग दोन्ही ड्रम ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि नेमके खालच्या वळणांवर पकड कमी होते. मी दुसऱ्या गिअरवर थ्रॉटल सोडून उतरले. इंजिननेच गाडी रोखली, ब्रेक वळणापूर्वी थोडा थोडा लागला. वास नाही.

२६ जानेवारी, रविवार

ध्वजवंदनासाठी सव्वासहाला निघाले, अंधार होता. चोक, दुसरी किक. चौकात थांबल्यावर दिवा पिवळा होऊन मंदावतो आणि थ्रॉटल दिला की उजळतो. या गाडीत हेडलाइट इंजिनच्या फिरण्यावर चालतो, त्यामुळे हे असेच असणार. वहीत तिसरा रकाना आखला : स्वभाव. त्यात ही पहिली नोंद. अंधाराच्या वळणावर त्यामुळे गिअर एक कमी ठेवते, म्हणजे इंजिन जोरात फिरते आणि प्रकाशही टिकतो.

गाडी माझ्या नावावर झाल्याचा संदेश आला आहे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली नवी नंबर पाटी ५३१ रुपये भरून मागवली आहे. परवा शाळेपुढच्या गतिरोधकावरून उतरताना पुढून एकदा "टक्" असा आवाज आला, आज परतताना त्याच जागी पुन्हा आला. नव्या कोन सेटचा नट बसल्यावर थोडा सैल होतो, असे मिस्त्री म्हणाले होते. पण गतिरोधकावर माझा वेगही जास्त असतो. तिन्ही रकाने कोरे ठेवले आहेत. उद्या त्याच जागी आधी दहाच्या वेगाने जाऊन बघायचे, मग गॅरेज.